घरातला अभ्यास: पालक-पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

आराखड्याची पहिली बैठक झाली. आम्ही तिघे आहोत. लेखन माझ्याकडे, मजकूर तपासायला एक प्राथमिक शिक्षिका, मांडणी आणि चित्रांना एक चित्रकार. पुस्तिका ५ ते ११ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी. ती हातात धरून पंधरा मिनिटांत चाळता आली पाहिजे, यावर एकमत.

पहिल्या यादीत नेहमीचे मथळे आले: अभ्यासाची जागा, वेळापत्रक, गृहपाठावर लक्ष, मोबाइलची वेळ. यादी सलग वाचली की पालक हा घरातला मुकादम आहे असेच वाटते. म्हणून फॅन आणि चेन यांचा २००१ चा आढावा पुन्हा काढला. पालकांचा सहभाग आणि मुलांची शाळेतली प्रगती यांवरचे बरेच अभ्यास त्यांनी एकत्र तपासले होते. त्यात प्रगतीशी सर्वांत घट्ट संबंध दिसला तो आपले मूल शिकून पुढे जाईल या घरच्यांच्या अपेक्षेचा. घरच्या देखरेखीचा संबंध सर्वांत क्षीण निघाला. यावरून देखरेख फुकट जाते असे म्हणता येत नाही. जे मूल मागे पडते त्याच्यावरच घरचे जास्त लक्ष ठेवतात, आणि आकड्यांत हे दोन्ही एकत्र मिसळतात. पण पुस्तिकेचा भर कुठे असावा हे ठरवायला एवढे पुरेसे आहे.

ठरले: ‘लक्ष ठेवा’ असा मथळा कुठल्याही पानावर येणार नाही.

६ फेब्रुवारी

शिक्षिकेने एक अट घातली आणि ती मी ताबडतोब मान्य केली. पुस्तिकेतली प्रत्येक कृती कधीच शाळेत न गेलेल्या पालकालाही करता आली पाहिजे. या चाळणीतून यादी घातली तेव्हा ‘उत्तरे तपासा’, ‘शुद्धलेखन सुधारा’, ‘धडा समजावून सांगा’ हे सगळे गळाले. उरले ते बोलणे, विचारणे, ऐकणे.

ज्या घरात कुणी शिकलेले नाही, तिथल्या आईवडिलांना वर्षानुवर्षे हेच ऐकवले जाते की मुलाच्या शिक्षणात त्यांना करण्यासारखे काही नाही. हे खरे नाही, आणि पानोपानी ते खोडून काढायचे आहे.

एक प्रश्न मात्र उघडा राहिला. ज्यांना वाचता येत नाही ते ही पुस्तिका वाचणार कशी? मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला आहे.

११ फेब्रुवारी

‘बोलणे’ या भागाचा कच्चा खर्डा. इथे एक आकडा सारखा समोर येतो. हार्ट आणि रिस्ली यांनी ४२ कुटुंबांतले बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि १९९५ च्या पुस्तकात अंदाज मांडला, की गरीब आणि सुस्थितीतल्या घरांतल्या लहान मुलांच्या कानांवर पडणाऱ्या शब्दांत ३ कोटींचे अंतर पडते. चित्रकाराला हा आकडा मुखपृष्ठावर हवा होता. मी नको म्हटले. कुटुंबे थोडी होती, आणि ३ कोटी हा आकडा मोजलेला नसून मोजणी पुढे ताणून काढलेला आहे. शिवाय २०१९ मध्ये स्पेरी, स्पेरी आणि मिलर यांनी वेगवेगळ्या वस्त्यांतली नोंद तपासली तेव्हा तसे सरळ अंतर आढळले नाही. एकाच आर्थिक स्तरातल्या घराघरांतच खूप फरक होता. घरातल्या इतरांचे मुलाच्या कानावर पडणारे बोलणे धरले की चित्र आणखी बदलत होते. असा वादातला आकडा गरीब आईच्या हातात देऊन तिला अपराधी वाटायला लावणे मला मुळीच मंजूर नाही.

त्यापेक्षा रोमिओ आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास कामाचा आहे. ४ ते ६ वर्षांच्या मुलांच्या घरातले बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि मुले गोष्ट ऐकत असताना त्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली. मोठ्यांनी किती शब्द उच्चारले यापेक्षा, मूल आणि मोठे माणूस यांच्यात बोलण्याची किती देवाणघेवाण झाली याच्याशी भाषेच्या भागातली हालचाल जोडलेली दिसली. घरची आर्थिक स्थिती हिशेबात घेऊनही हा संबंध टिकला.

म्हणजे पालकाने भरपूर बोलावे असे सांगायचे नाही. मूल बोलले की त्याला जोडून बोलावे, आणि मग थांबावे, म्हणजे मुलाची पाळी येते. पानावर दोन संवाद शेजारी शेजारी छापणार आहोत. एकात वडील विचारतात, “आज शाळेत काय केलं?” मूल म्हणते, “काही नाही.” संपले. दुसऱ्यात वडील म्हणतात, “काल तू सांगत होतास ना, ती बी कुंडीत लावली म्हणून. आज तिचं काय झालं?” इथे मुलाला सांगण्यासारखे काही मिळते, कारण प्रश्न त्याच्याच कालच्या बोलण्यातून आलेला आहे. काल नीट ऐकलेले असेल तरच असा प्रश्न सुचतो.

१९ फेब्रुवारी

वाचनाचे पान. यावर आठवडाभर घासाघीस चालू आहे आणि मला ती हवीच आहे. पालकांच्या मनातली सर्वांत मोठी भीती इथेच असते.

गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले: वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडण्याचे कौशल्य गुणिले भाषा समजण्याची क्षमता. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. खडाखडा वाचणारे पण अर्थ न लागलेले मूल आणि गोष्ट छान समजणारे पण जोडाक्षराशी अडणारे मूल, दोघेही पानापाशी अडकतात. मात्र अडण्याचे कारण वेगळे, म्हणून मदतही वेगळी.

या सूत्रातली दुसरी बाजू निरक्षर घरातही पूर्णपणे पालकांच्या हातात आहे. गोष्ट सांगणे, दिवसभरात घडलेले क्रमाने सांगणे, ‘असं का झालं असेल?’ असे विचारणे, नवा शब्द बोलण्यात दोनचारदा येऊ देणे. आजी निरक्षर असेल आणि रोज गोष्ट सांगत असेल, तर ती नातवाच्या वाचनाचा अर्धा भाग घडवते आहे. हे वाक्य पुस्तिकेत जसेच्या तसे हवे. शिक्षिका म्हणाली की पहिली बाजू, म्हणजे अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पद्धतशीर घालून देणे, हे शाळेचे काम आहे आणि तेही तितक्याच स्पष्टपणे लिही. लिहिले. शाळेने ते केले नाही तर त्याची भरपाई घरच्या गोष्टींनी होणार नाही, हे पालकांना माहीत असले पाहिजे, म्हणजे ते शाळेला विचारतील.

पुस्तक दोघांनी मिळून कसे पाहायचे, यासाठी व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांचा १९८८ चा प्रयोग आधाराला घेतला. त्यात दोन-तीन वर्षांची मुले होती. दोन्ही गटांतले पालक मुलांना पुस्तक वाचून दाखवत होते. एका गटाला एवढेच शिकवले होते की मधे मधे थांबून मुलाला बोलते करा, त्याच्या उत्तरात थोडी भर घाला, नुसते हो-नाहीचे प्रश्न टाळा. महिन्याभरात या गटातली मुले बोलण्याच्या भाषेत पुढे गेली. आमची मुले मोठी आहेत, पण रीत तीच चालते. मूल म्हणाले “कुत्रा पळतोय”, तर आई म्हणते, “हो, घाबरून पळतोय. कशाला घाबरला असेल?” बिनशब्दांच्या चित्रांच्या पुस्तकावरही हे होते, म्हणून आईला वाचता येण्याची अट उरत नाही.

मूल मोठ्याने वाचताना अडले तर काय करायचे, याची छोटी चौकट: थांबा. मग पहिले अक्षर पुन्हा पाहायला सांगा. तरीही नाही जमले तर शब्द सांगून टाका आणि पुढे जा, गोष्ट तुटू देऊ नका. प्रत्येक चूक पकडू नका. अर्थ बदलणारी चूक तेवढी पकडा, तीही वाक्य संपल्यावर.

२३ फेब्रुवारी

वरच्या चौकटीतले ‘थांबा’ किती वेळ? मेरी बड रो यांनी वर्गातले संवाद मोजले होते, त्यांचा निबंध १९७४ चा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत आणि मग स्वतःच बोलू लागत. ही वेळ ३ सेकंदांच्या वर नेली तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, न विचारता बोलणारी मुले वाढली, ‘माहीत नाही’ कमी झाले. घरात तर घाई जास्त असते. पानावर लिहिले: प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश तीन मोजा.

मला स्वतःला ही पुस्तिकेतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड कृती वाटते.

२ मार्च

आठवणीचे पान.

एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते, नंतर मंदावते. पालकांना याचा उपयोग एवढाच, की “कालच तर शिकवलं होतं, आज विसरलास?” हे बोलणे थांबावे. काल शिकलेले आज निसटणे हा मुलाचा आळस नाही. निसटू लागलेले पुन्हा आठवायला लावणे हाच अभ्यास.

पुन्हा पुन्हा वाचायचे की आठवून सांगायचे, याचे उत्तर रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात सुंदर मिळते. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. हे विद्यार्थी महाविद्यालयातले होते, ही गोष्ट पानावर नोंदवली आहे. शाळकरी मुलांवरही असेच परिणाम इतरांना मिळालेले आहेत, म्हणून कृती ठेवायला हरकत नाही.

या प्रयोगातली पाच मिनिटांची बाजू पालकांना समजावणे फार गरजेचे आहे. पुन्हा वाचल्यावर मुलाला वाटते सगळे येते आहे, आणि बाजूला बसलेल्या आईलाही तसेच वाटते. आठवून सांगताना मूल अडखळते, चिडते, आणि घरच्यांना वाटते याला काहीच येत नाही. प्रत्यक्षात शिकणे या अडखळण्यातच चाललेले असते.

कृती: पुस्तक मिटून सांग. इथे शिक्षिकेच्या अटीची खरी परीक्षा होती. ज्या वडिलांना वाचता येत नाही त्यांना मुलाने सांगितले ते बरोबर की चूक हे कळणार कसे? बराच वेळ तिघे गप्प होतो. मग चित्रकार म्हणाला, मुलालाच तपासू दे. वडील पुस्तक मिटून हातात धरतात. मूल आठवेल ते सांगते. वडील दोन प्रश्न विचारतात: ‘अजून काही होतं का?’ आणि ‘मला नाही कळलं, पुन्हा सांगशील?’ मग मूल पुस्तक उघडून काय राहिले ते स्वतः शोधते आणि वडिलांना सांगते. तपासण्याचे काम मुलाकडे गेले, त्यामुळे शिकणे उलट वाढले. आणि वडिलांचे ‘मला नाही कळलं’ हे अगदी खरे असते, म्हणून मूलही मनापासून समजावते. शिकलेल्या पालकांनाही आम्ही हेच करायला सांगणार आहोत, उत्तर माहीत असताना गप्प बसून.

९ मार्च

गणित. पहिल्या खर्ड्यात पाढे आणि तोंडी हिशेब होते. त्याच्याआधी एक वेगळेच पान आवश्यक वाटले.

मॅलोनी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांचा अभ्यास केला. ज्या पालकांना गणिताची धास्ती होती आणि जे वारंवार गृहपाठाला मदत करत होते, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांचीही धास्ती वाढली. धास्ती असूनही जे क्वचितच मदत करत होते त्यांच्या मुलांत हे दिसले नाही. म्हणजे मदतीसोबत भीतीही मुलाच्या हातात दिली जाते. “मलाही गणित कधी आलं नाही रे” हे प्रेमाने, मुलाला बरे वाटावे म्हणून म्हटलेले वाक्य असते. ते टाळा असे लिहिले आहे, आणि त्याजागी काय म्हणावे तेही: “तू कसं केलंस ते मला दाखव.”

धास्ती असलेल्या पालकांना मदत सोडून द्या सांगणेही पुरेसे नाही. खेळ देता येतात. रमाणी आणि सीगलर यांच्या २००८ च्या प्रयोगात लहान मुले १ ते १० आकड्यांच्या सरळ पट्टीवर सोंगटी सरकवत खेळली. बसण्या थोड्याच, प्रत्येक जेमतेम पंधरावीस मिनिटांची. आकडा ओळखणे, मोजणे, कुठली संख्या मोठी हे सांगणे, संख्यारेषेवर जागा दाखवणे, सगळ्यात फरक पडला, आणि काही आठवड्यांनी पाहिले तरी टिकून होता. आकड्यांऐवजी रंगांची पट्टी घेऊन खेळलेल्या मुलांत तो दिसला नाही.

यातला बारकावा पानावर ठळक छापायचा आहे, कारण घरोघरी नेमका तोच निसटतो. सोंगटी ५ वर आहे आणि दान २ पडले, तर मुलाने ‘एक, दोन’ न म्हणता ‘सहा, सात’ म्हणत सरकायचे. लास्की आणि सीगलर यांनी २०१४ मध्ये हाच फरक तपासला. पट्टीवरचे आकडे म्हणत पुढे जाण्याने फायदा झाला, एकपासून मोजत जाण्याने तसा झाला नाही. चित्रकाराने शेवटच्या आतल्या पानावर कापून घेता येईल अशी पट्टी काढली आहे.

१४ मार्च

कौतुक आणि बक्षीस, एकच पान. म्युलर आणि ड्वेक, १९९८: हुशारीचे कौतुक झालेली मुले पुढचे कठीण कोडे न सुटल्यावर लवकर खचली, मेहनतीचे कौतुक झालेली टिकली. लेपर, ग्रीन आणि निस्बेट, १९७३: चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितलेली मुले पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अनपेक्षितपणे ते मिळालेल्यांत अशी घट दिसली नाही. मेहनतीने क्षमता वाढते अशी मनोवृत्ती मुलांत रुजवू पाहणाऱ्या उपक्रमांचे परिणाम मोठ्या आढाव्यांत लहानच निघाले आहेत, त्यामुळे हे पान आवाज न चढवता लिहिले. ‘हुशार आहेस’ म्हटल्याने आभाळ कोसळत नाही. पण ‘तू दुसऱ्या पद्धतीने करून पाहिलंस, ते मला आवडलं’ यात मुलाला पुढच्या वेळी काय करायचे ते कळते.

२० मार्च

गृहपाठ आणि झोप एकाच पानावर घ्यायचे ठरले, कारण घरात ही दोन एकमेकांशीच भांडतात. कूपर, रॉबिन्सन आणि पॅटॉल यांच्या २००६ च्या आढाव्यात गृहपाठ आणि यश यांचा संबंध सातवी ते बारावीत ठळक होता, त्याखालच्या वर्गांत बराच कमी. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीची २०१६ ची शिफारस ६ ते १२ वर्षांसाठी दिवसाला ९ ते १२ तास झोप अशी आहे. लहान मूल रात्री उशिरा डोळे चोळत वही भरत असेल तर वही मिटा, आणि शिक्षकांना चिठ्ठी लिहा किंवा निरोप द्या. या ओळीवर शिक्षिका थोडी थांबली आणि मग म्हणाली, राहू दे, मला वर्गात जागी मुले हवीत.

२९ मार्च

काही घरांत पाने वापरून पाहिली. आज सगळ्यांचे ऐकले.

एक वडील रात्रपाळी करतात. त्यांची आणि मुलीची भेट सकाळची थोडी. ‘पुस्तक मिटून सांग’ त्यांनी शाळेच्या वाटेवर केले, पुस्तक दप्तरातच. मुलगी शाळेत पोचल्यावर राहिलेला भाग पाहते आणि दुसऱ्या दिवशी सांगते. आम्ही कृती एका बैठकीची समजत होतो. मधल्या दिवसाने ती आणखी चांगली झाली, कारण आठवण्याआधी थोडे विसरायला वाव मिळतो. पानात हा पर्याय घातला.

एका घरात मुलगा चिडला, “मलाच का विचारतेस सारखं?” म्हणाला. आईने मग स्वतःच्या कामातले काय काय झाले ते आधी सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यालाही बोलावेसे वाटले. प्रश्नांची सरबत्ती म्हणजे संभाषण नव्हे. हे ‘बोलणे’च्या पानात पहिल्याच ओळीत गेले.

दोन-तीन पालकांनी विचारले की मूल दुसरी-तिसरीत येऊनही अक्षरे उलटसुलट करते, ओळ सुटते, वाचनाचे नाव काढले की पोट दुखते, त्याला हे सगळे पुरे पडेल का? नाही पडणार. मजकुरात हे स्पष्ट हवे: आधी डोळे आणि कान तपासून घ्या, शिक्षकांशी बोला, आणि अडचण तशीच राहिली तर अध्ययन-अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे जा. वाट पाहण्यात मुलाची वर्षे जातात. यासाठी अर्धे पान मोकळे केले.

६ एप्रिल

भिंतीवरच्या प्रश्नाचे उत्तर चाचणीतूनच आले. एका घरात आईला वाचता येत नव्हते, म्हणून तिसरीतल्या मुलीनेच तिला पाने वाचून दाखवली. “इथं लिहिलंय की तू तीन मोजायचेस,” असे तिने आईला बजावले, आणि आईने मोजले. मुलीला खरे कारण असलेले वाचन मिळाले, आईला पुस्तिका मिळाली.

म्हणून आता अख्खी पुस्तिका मुलाने पालकाला वाचून दाखवण्याजोगी करायची. पहिलीतल्या ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांच्या घरासाठी शिक्षिका प्रत्येक पान ध्वनिमुद्रित करेल.

त्यामुळे भाषा बदलावी लागते. वाक्य आठदहा शब्दांचे. अवघड जोडाक्षरे कमी. फॅन, चेन, रोडिगर यांची नावे आणि आकडे मजकुरातून काढून मागच्या दोन पानांवर, मोठ्यांसाठी. ‘तुम्ही’ कुणाला म्हणायचे हेही पुन्हा ठरवले: वरच्या अर्ध्यात मुलाशी ‘तू’, खाली ‘आईबाबांना हे सांग’.

१३ एप्रिल

‘बोलणे’ आणि ‘पुस्तक मिटून सांग’ ही दोन पाने नव्या भाषेत झाली. शिक्षिकेने तिसरीतल्या दोन मुलांकडून मोठ्याने वाचून घेतली. जिथे मूल अडले त्या शब्दांखाली रेघ मारून पाने परत आली: ‘प्रत्यक्ष’, ‘संभाषण’, ‘दुरुस्त’. तिन्ही बदलले. गणिताच्या पानावरची सूचना मात्र अजून लांब आहे. ‘सहा, सात म्हणत सरक’ हे चित्रातूनच कळेल का, ते चित्रकार पाहतो आहे. वाचनाचे पान उद्या माझ्याकडे.